पुण्यात राहून स्टँडअप कॉमेडी आणि अभिनय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टँडअप कॉमेडी आणि अभिनय ही दोन्ही कामे एकाच वेळी करू पाहणाऱ्या पुण्यातील तरुण कलाकारांकडून, आणि बऱ्याचदा त्यांच्या आईवडिलांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जेथे नियम किंवा माहिती आहे तेथे ती माहिती म्हणून दिली आहे. जेथे केवळ माझे मत आहे तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

स्टँडअप कलाकार आणि विनोदी नट यांत फरक काय? शेवटी दोघेही हसवतातच ना?

हसवतात दोघेही, परंतु काम करताना दोघांचे लक्ष वेगवेगळ्या ठिकाणी असते. नाटकातल्या नटाने आधी समोरच्या पात्राचे वाक्य ऐकायचे असते आणि प्रेक्षागृहातल्या हशाची नोंद मनाच्या एका कोपऱ्यात ठेवायची असते. स्टँडअप करणाऱ्याला समोरचे पात्रच नसते. प्रेक्षक हाच त्याचा सहकलाकार, आणि तो सहकलाकार उशिरा येतो, मध्येच फोन घेतो, कधी अनपेक्षित उत्तरही देतो. नट दुसऱ्याने लिहिलेले शब्द तिसऱ्याच माणसाच्या नावाने बोलतो. स्टँडअप कलाकार स्वतः लिहिलेले स्वतःच्या नावाने बोलतो. त्यामुळे नाटक पडले तर दोष लेखक, दिग्दर्शक, ध्वनियंत्रणा आणि त्या दिवशीचा क्रिकेटचा सामना यांच्यात वाटून टाकता येतो. स्टँडअपमध्ये ही सोय नाही.

तंत्रातला फरक बारीक आहे, पण तोच निर्णायक ठरतो. रंगमंचावरचा मुरलेला नट हशा चढत असताना हातातली कृती चालू ठेवतो, म्हणजे चष्मा पुसत राहतो किंवा खिशात किल्ली शोधत राहतो, आणि हशा ओसरू लागला परंतु पुरता विरला नाही अशा क्षणी पुढचे वाक्य घेतो. फार लवकर घेतले तर वाक्य ऐकू जात नाही, फार उशिरा घेतले तर प्रवेश थंड पडतो. स्टँडअपमध्ये नेमक्या त्याच क्षणी कलाकार त्याच विनोदाला जोडून आणखी एक छोटी ओळ टाकतो, ज्याला मंडळी टॅग म्हणतात, आणि पहिल्या हशावर दुसरा चढवतो. म्हणजे क्षण एकच, पण एक जण त्या वेळी पात्रात राहून थांबतो आणि दुसरा प्रेक्षकाकडे पाहून पुढे सरकतो. एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, ही गोष्ट पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी आहे. अमेरिकेतले रॉबिन विल्यम्स हे या दुहेरी कारकिर्दीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्यांनी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड शाळेत अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्लबांमधून स्टँडअपही केले होते. लोकांना दिसली ती त्यांची उत्स्फूर्तता. त्यामागे दोन्हीकडची तालीम होती.

स्टँडअप हा प्रकार मराठीला नवा आहे का?

नाव आणि मांडणी नवी आहे, मूळ कल्पना नवी नाही. तमाशात गण आणि गौळणीनंतर येणाऱ्या बतावणीत सोंगाड्या गावातल्या ताज्या घडामोडींवर जागच्या जागी बोलत असे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला सभागृहे भरत असत आणि तेथे रंगमंचावर माणूस व ध्वनिक्षेपक यांपलीकडे काही नसे. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली, तर लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रे एकट्याने रंगवली. ही सगळी परंपरा पुण्याच्या प्रेक्षकाच्या कानात मुरलेली आहे आणि नवोदिताने तिची जाण ठेवलेली बरी, कारण पहिल्या रांगेतला एखादा तरी प्रेक्षक मनातल्या मनात तुलना करत असतोच.

वेगळे आहे ते इतकेच की, कथाकथनात गोष्ट असते आणि ऐकणारा गोष्टीच्या ओढीने दोन-तीन मिनिटे हसल्याशिवायही बसतो. स्टँडअपमध्ये इतकी उधारी मिळत नाही. शिवाय येथे बोलणारा कोणाची तरी नक्कल करून नव्हे, स्वतःचे आयुष्य आणि मते घेऊन उभा असतो. दूरचित्रवाणीवर २००५ मध्ये स्टार वन वाहिनीवर आलेल्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला. त्यातली शैली बरीचशी नकला आणि तयार चुटके यांवर उभी होती. मराठीत २०१६ पासून ‘भाडिपा’ (भारतीय डिजिटल पार्टी) यांच्यासारख्या मंडळींनी आंतरजालावर आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांत स्वतःच्या अनुभवावर आधारलेल्या मराठी स्टँडअपला प्रेक्षक मिळवून दिला. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) हे कार्यक्रम मात्र प्रहसनांचे आहेत. तेथे लागते ते अभिनयाचे अंग, आणि या दोन गोष्टींची गल्लत करून अनेक जण चुकीच्या ठिकाणी प्रयत्न करत राहतात.

पुण्यात सुरुवात कोठून करावी?

स्टँडअपची सुरुवात ओपन माइकपासून, म्हणजे नवोदितांना नाव नोंदवून काही मिनिटे बोलता येते अशा कार्यक्रमांपासून, होते. कोरेगाव पार्क, बाणेर, कल्याणीनगर या भागांतल्या कॅफेंमध्ये हिंदी-इंग्रजी ओपन माइक अधिक होतात, तर मराठीसाठी डेक्कन, कोथरूड, सदाशिव पेठ या पट्ट्यावर लक्ष ठेवावे. जागा आणि वार सतत बदलतात, म्हणून आयोजकांची समाजमाध्यमांवरील खाती पाहणे आणि एखाद्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून जाऊन तेथेच विचारणे हा खात्रीचा मार्ग आहे. पहिल्यांदा जाताना नाव नोंदवू नये, नुसते बसून पाहावे, असा माझा आग्रह असतो. काय चालते यापेक्षा काय सगळेच करतात हे एका संध्याकाळीत कळते. दुपारी बंद दुकाने, पुणेरी पाट्या आणि दुचाकीवरच्या तोंडाला बांधलेल्या ओढण्या हे विषय इतक्या वेळा झाले आहेत की त्यात काही नवे सापडल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

अभिनयाची सुरुवात या शहरात बहुतेकांची महाविद्यालयातच होते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि ती भरत नाट्य मंदिरात होते. तेथला प्रेक्षक आरडाओरडा करणारा, जाणकार आणि निर्दय असतो. परीक्षकही तसेच: २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या योग्यतेची नाही असे म्हणून करंडक कोणालाच दिला गेला नव्हता आणि त्यावर शहरभर चर्चा झाली होती. फिरोदिया करंडकात नाट्याबरोबर संगीत, नृत्य, चित्रकला अशा अनेक कला एकत्र येतात. या स्पर्धांचा खरा लाभ बक्षिसात नसून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमींत आहे. प्रकाशयोजना, नेपथ्य, दुसऱ्याच्या वाक्याला जागा देणे या गोष्टी तेथे अंगवळणी पडतात. महाविद्यालय सुटलेल्यांसाठी प्रायोगिक संस्था, राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा आणि गणेशोत्सवातले जिवंत देखावे आहेत. जिवंत देखाव्याला कोणी कमी लेखू नये. रस्त्यावरून सरकणाऱ्या गर्दीपुढे एकाच रात्रीत तोच प्रवेश अनेकदा करावा लागतो आणि आवाज पोहोचवण्याचे असे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही.

निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले आणि त्यापूर्वी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम करत होते, हे येथे आठवणीने सांगतो, कारण ‘आमची ओळख नाही’ ही तक्रार फार ऐकू येते.

ओपन माइकला नेमके काय घडते?

आयोजक नावे घेतो, क्रम लावतो आणि प्रत्येकाला साधारण चार-पाच मिनिटे देतो. वेळ संपत आली की मागच्या बाजूने मोबाइलचा दिवा दाखवला जातो. दिवा दिसल्यावर चालू विनोद पुरा करून उतरायचे असते. हा शिष्टाचार मोडणाऱ्याला पुढच्या वेळी नाव नोंदवताना ‘यादी भरली’ असे उत्तर मिळते आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही. प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे कलाकार असतात. ते हसत नाहीत, कारण मनात स्वतःच्या ओळी घोकत असतात. म्हणून ओपन माइकमधल्या शांततेवरून विनोद टाकून देऊ नये. निदान तीन निराळ्या गर्दीपुढे तो करून पाहावा. दर वेळी ध्वनिमुद्रण करावे आणि घरी आल्यावर ते ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकणे कोणालाच आवडत नाही, परंतु ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ हे शब्द आपण किती वेळा घालतो हे कळण्याचा दुसरा उपाय नाही.

पाच मिनिटांचा पक्का मजकूर तयार होण्यास किती काळ लागतो?

नियमाने आठवड्यातून दोन-तीनदा रंगमंच मिळत असेल तर कित्येक महिने, आणि कधीमधी मिळत असेल तर सांगता येत नाही. लिहिण्यापेक्षा घासण्यात वेळ जातो. कार्यशाळेत वापरलेले एक उदाहरण येथे देतो. पहिला खर्डा असा होता: ‘माझ्या आजोबांना फोनवर फार मोठ्याने बोलायची सवय आहे, कारण माझा भाऊ लंडनला असतो आणि लंडन लांब असल्यामुळे आपला आवाज तिथपर्यंत पोहोचला पाहिजे असं त्यांना वाटतं.’ यात गंमत आहे, पण ती बोलणाराच समजावून सांगतो, म्हणून ऐकणाऱ्याला काही करायला उरत नाही. बऱ्याच काटछाटीनंतर ती ओळ अशी झाली: ‘माझा भाऊ लंडनला असतो. आजोबा रोज रात्री त्याच्याशी फोनवर बोलतात. परवा सगळं बोलून झाल्यावर लक्षात आलं, फोन लागलाच नव्हता. सकाळी भावाचा मेसेज आला: ऐकू आलं.’

येथे मोठ्या आवाजाचा उल्लेख एकदाही नाही, आणि ज्या दोन शब्दांनी तो कळतो ते दोन शब्द अगदी शेवटी आहेत. त्यांच्यानंतर ‘असं त्याने लिहिलं होतं’ एवढे जरी जोडले तरी हशा अर्धा होतो, कारण लोक हसू लागलेले असताना कलाकार अजून बोलतच असतो. मराठी वाक्यरचना सैल असल्यामुळे हवा तो शब्द शेवटी नेता येतो. तेवढ्यासाठी वाक्य पाच-सहा प्रकारे मोठ्याने म्हणून पाहावे. ‘परवा’ या शब्दाचीही गरज आहे. त्याने प्रसंग ताजा होतो आणि ‘एकदा’ म्हटल्यावर जो सांगीवांगीचा वास येतो तो येत नाही.

मराठीत करावे की हिंदी-इंग्रजीत?

ज्या भाषेत आपण भांडतो त्या भाषेत करावे. व्यवहाराचा विचार करायचा तर हिंदी-इंग्रजीत पुण्यात ओपन माइक अधिक आहेत, आयटी कंपन्यांचे कार्यक्रम बहुधा हिंदी-इंग्रजी मिश्र असतात आणि इतर शहरांत जाता येते. मराठीत स्पर्धा तुलनेने कमी आहे, तिकीट काढून नाट्यगृहात येण्याची सवय असलेला प्रेक्षक आहे, आणि नाशिक, कोल्हापूर, सांगली, छत्रपती संभाजीनगर असे दौरे करता येतात. शिवाय मराठी नाटक-मालिकांत काम करायचे असेल तर निर्माते आपल्याला मराठीत बोलताना पाहतात, हा फायदा वेगळाच. पहिल्या वर्षी दोन्ही भाषांत ओपन माइक करून पाहण्यास हरकत नाही, मात्र एका भाषेतला विनोद दुसरीत शब्दशः नेऊ नये. तो तेथे नव्याने लिहावा लागतो.

पुणेकर प्रेक्षक लवकर हसत नाही, हे खरे आहे का?

नाही. तो वेळेवर येतो आणि कार्यक्रमही वेळेवर सुरू व्हावा अशी अपेक्षा करतो. पंधरा मिनिटे उशीर झाला तर पहिली दहा मिनिटे तो हसत नाही, हे मात्र खरे. नाट्यगृहात साडेबाराच्या प्रयोगाला येणारा प्रेक्षक आणि रात्री साडेनऊचा प्रेक्षक यांच्या हसण्यात जो फरक असतो, तो पुणे आणि मुंबई यांतल्या फरकाहून मोठा असतो.

अभिनयाचे औपचारिक शिक्षण घेणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, परंतु अभिनय हे अर्धे करिअर म्हणून धरले असेल तर उपयोगी नक्की आहे. पुण्यात दोन ठळक पर्याय आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्र १९८७ मध्ये स्थापन झाले आणि तेथे नाट्य, संगीत व नृत्य यांचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण गुरुकुल पद्धतीने दिले जाते; सतीश आळेकर यांनी अनेक वर्षे त्याचे प्रमुखपद सांभाळले. दुसरी संस्था लॉ कॉलेज रस्त्यावरची, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. तेथला अभिनय अभ्यासक्रम कॅमेऱ्यापुढच्या कामासाठी आहे आणि प्रवेशासाठी देशभरातून अर्ज येतात.

स्टँडअप शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळाही निघाल्या आहेत. त्यांतून मांडणीची परिभाषा कळते आणि चार समविचारी माणसे भेटतात, इतपतच अपेक्षा ठेवावी. ‘कार्यशाळेअंती मालिकेत काम’ असे आश्वासन देऊन मोठी रक्कम आगाऊ मागितली जात असेल तर पैसे देऊ नयेत. खऱ्या ऑडिशनला कलाकाराकडून शुल्क घेतले जात नाही.

स्टँडअपमुळे अभिनयाची कामे मिळतात का?

ऑडिशनचे बोलावणे मिळते. काम मिळते ते ऑडिशनमुळे. चित्रफीत गाजली की कास्टिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चेहरा येतो, विशेषतः जाहिराती, वेबमालिका आणि चित्रपटातला ‘नायकाचा मित्र’ या जागेसाठी. त्यानंतरची अडचण फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे सविस्तर लिहितो.

स्टँडअप कलाकाराला वर्षानुवर्षे अशी सवय लागलेली असते की वाक्य संपले की हशा येतो, किंवा निदान यायला हवा. चित्रीकरणाच्या वेळी कोणीही हसत नाही, कारण हसले तर ध्वनिमुद्रण खराब होते. त्या शांततेत नवखा माणूस बिचकतो आणि दोन चुका करतो. एकतर तो वाक्यानंतर नकळत हशासाठी जागा सोडतो. संकलनात ती जागा कापावी लागते आणि सहकलाकाराच्या प्रतिक्रियेशी जोड बसत नाही. नाहीतर, विनोद पोहोचला नाही असे वाटून तो पुढच्या टेकला अधिक जोर लावतो, भुवया उडवतो, हात नाचवतो. क्लोजअपमध्ये डोळ्यांची हालचाल पुरेशी असते, तेथे हे सगळे ओरडल्यासारखे दिसते. आणखी एक खोड म्हणजे प्रत्येक वाक्य स्वतःच्या लयीत बसवण्यासाठी संहिता बदलणे. एकट्याच्या कार्यक्रमात ते कौशल्य ठरते, पण समोरच्या नटाला त्याचे शेवटचे ठरलेले शब्द मिळाले नाहीत तर त्याची एंट्री चुकते. दिग्दर्शक एकदा हसून सोडतो.

उपाय असा की, स्टँडअप चालू ठेवूनच निदान एखाद्या नाटकात अशी भूमिका करावी जिच्यात आपल्याला एकही हशा नाही. दुसऱ्याच्या विनोदाचा सेटअप, म्हणजे हशाआधीची तयारीची ओळ, नीट देता येऊ लागला की कॅमेऱ्यापुढचे अर्धे प्रश्न सुटतात. उलट दिशेने, म्हणजे नाटकातून स्टँडअपकडे येणाऱ्यांची अडचण वेगळी असते: त्यांचा आवाज, उच्चार, उभे राहणे सगळे उत्तम असते, पण ते पात्र रंगवतात आणि प्रेक्षकाला माणूस भेटत नाही. त्यांनी पाठांतर थोडे सैल करावे आणि पहिल्या मिनिटात त्या सभागृहाबद्दल, त्या दिवसाबद्दल काहीतरी खरे बोलावे.

अभिनयाच्या कामांसाठी मुंबईला राहायला जावे का?

पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुधा नाही. ऑडिशन मुख्यतः अंधेरी-वर्सोवा भागात होतात, परंतु आता पहिली फेरी अनेकदा घरून चित्रफीत पाठवून होते. प्रत्यक्ष जावे लागले तर सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन दादरला वेळेत पोहोचवते. अडचण परतीची असते, कारण मुंबईहून ती संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि ऑडिशनची रांग तिच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी शिवनेरी बस पदरी पडते. त्या दिवशी पुण्यात रात्रीचा स्टँडअपचा स्पॉट, म्हणजे सादरीकरणाची ठरलेली वेळ, घेऊ नये.

मालिकेत नियमित भूमिका मिळाली की हिशेब बदलतो. महिन्यातले वीस-बावीस दिवस, दिवसाला बारा तासांच्या आसपास चित्रीकरण, आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम (सेटवर हजर राहण्याची वेळ) आदल्या रात्री कळणार. ही मालिका मुंबई-ठाण्यातच असेल असेही नाही. सातारा आणि कोल्हापूर परिसरात मोठ्या मालिका चित्रित झाल्या आहेत. अशा काळात नवा स्टँडअप मजकूर लिहून होत नाही, हे गृहीत धरूनच करारावर सही करावी.

यातून घर चालते का?

सुरुवातीला चालत नाही. ओपन माइकला मानधन नसते. काही ठिकाणी प्रवेशशुल्क किंवा किमान खाद्यपेयांचा खर्च कलाकारालाच करावा लागतो. पुढची पायरी म्हणजे लाइनअप कार्यक्रमातला, म्हणजे अनेक कलाकार पाठोपाठ येतात अशा कार्यक्रमातला, मानधन मिळणारा स्पॉट. त्यात प्रवासखर्च सुटला तरी बरे. स्वतःच्या एकट्याच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमात नाट्यगृहाचे भाडे, ध्वनी-प्रकाश, जाहिरात आणि तिकीटविक्री संकेतस्थळाचा वाटा वजा जाऊन जे उरते ते आपले, आणि पहिल्या काही प्रयोगांत ते उणे असू शकते. म्हणून बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या वास्तूचे स्वप्न नंतरसाठी ठेवून सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा लहान जागेपासून सुरुवात करावी. ऐंशी लोकांनी भरलेली छोटी खोली हसते, तर तेवढेच ऐंशी लोक मोठ्या नाट्यगृहात विखुरले की एकमेकांच्या हसण्याला संकोचतात.

खरे पैसे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागातल्या कंपन्यांच्या कार्यक्रमांत, सूत्रसंचालनात, जाहिरातींत आणि दुसऱ्यांसाठी लिहिण्यात असतात. कंपनीच्या कार्यक्रमात लोक जेवत असतात, पहिल्या टेबलावर साहेब बसलेले असतात आणि सगळे आधी त्यांच्याकडे पाहून मग हसायचे की नाही ते ठरवतात. हे काम कलेच्या दृष्टीने कष्टाचे आहे, पण प्रामाणिक आहे. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक मानधन मिळते, त्याला ‘नाइट’ म्हणतात. तालमींचे पैसे मिळतील की नाही ते आधी विचारून घ्यावे. मालिकेत दिवसाप्रमाणे मानधन ठरते आणि ते साधारणतः काही महिन्यांच्या अंतराने हाती येते, त्यामुळे पहिली मालिका मिळाली म्हणून लगेच घराचा हप्ता सुरू करू नये.

करांबाबत थोडक्यात: एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक मानधन मिळाले तर साधारणतः १० टक्के कर आधीच कापला जातो, आणि विवरणपत्र भरल्यास जास्तीचा परत मिळू शकतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. पहिल्या सशुल्क कार्यक्रमापासून पावत्या जपाव्यात.

नोकरी सोडावी का?

नोकरी करूनच सुरुवात करावी, आणि शक्य तितका काळ करत राहावी. ओपन माइक संध्याकाळी असतात, तालमी रात्री होतात. पुण्यातल्या हौशी रंगभूमीचा मोठा भाग बँका, शाळा आणि कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनीच उभा केला. शिवाय नोकरीत माणसे भेटतात. पूर्णवेळ कलाकार झाल्यावर अनेकांचे विनोद विमानतळ, हॉटेल आणि इतर कलाकार यांच्याभोवतीच फिरू लागतात.

चित्रफीत यूट्यूबवर कधी टाकावी?

संपूर्ण मजकूर घाईने टाकू नये. एकदा लोकांनी घरी पाहिलेला विनोद नाट्यगृहात पुन्हा चालत नाही, म्हणजे सहा महिन्यांची कमाई एका रात्रीत खर्च होते. प्रेक्षकांशी झालेल्या उत्स्फूर्त संवादाचे तुकडे टाकण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली आहे, कारण ते पुन्हा वापरायचेच नसतात. मात्र त्याचाही एक दुष्परिणाम दिसतो: ते तुकडे पाहून आलेला प्रेक्षक आपल्यालाही काही विचारले जाईल या आशेने बसतो आणि लिहिलेला मजकूर सुरू झाला की चुळबुळ करतो. ज्या प्रेक्षकाचा चेहरा दिसतो त्याची परवानगी घ्यावी. अभिनयासाठी वेगळी, दोन-तीन मिनिटांची चित्रफीत ठेवावी आणि तिच्यात स्टँडअप घालू नये.

विनोद चोरीला गेला तर काय करता येते?

कॉपीराइट कायदा, १९५७ हा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या अभिव्यक्तीला देतो. ‘आजोबा फोनवर मोठ्याने बोलतात’ हा विषय कोणाचाच नाही. लिहिलेला किंवा मुद्रित केलेला नेमका मजकूर लेखकाचा असतो, आणि लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे तो हक्क राहतो. सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळे हक्क आहेत, त्यांची मुदत ५० वर्षे आहे. व्यवहारात मात्र कोणी न्यायालयात जात नाही. आयोजकांशी आणि त्या कलाकाराशी आधी खासगीत बोलावे, तारखेसह ध्वनिमुद्रणे जपून ठेवावीत. दोघांना एकच विनोद स्वतंत्रपणे सुचणे हेही नेहमी घडते, विशेषतः मेट्रो आणि लग्न या विषयांवर.

कायद्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहितेला महाराष्ट्र राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. एकपात्री किंवा स्टँडअप कार्यक्रमासाठी नाट्यगृह कोणती कागदपत्रे मागते ते आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. आयत्या वेळी व्यवस्थापकाशी वाद घालून प्रयोग होत नाही.

बोलण्याबाबत सांगायचे तर, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणे (कलम २९९) आणि बदनामी (कलम ३५६) हे गुन्हे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी इतर कलमे आहेतच. मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणाहून अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळेपर्यंत महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला, हे लक्षात घेता घाबरावे असे मी म्हणणार नाही, परंतु आपल्या विनोदाचा रोख कोणावर आहे हे स्वतःला माहीत असावे. सादरीकरणाचे संपूर्ण मुद्रण स्वतःजवळ ठेवावे, कारण तक्रार नेहमी दहा सेकंदांच्या तुकड्यावर येते आणि त्याआधीची दोन मिनिटे दाखवता येणे उपयोगी पडते.

मुलींसाठी हे क्षेत्र कसे आहे?

रंगमंचावर चांगले, रंगमंचाबाहेर अजून सुधारणा हवी असलेले. लाइनअपमध्ये ‘एक मुलगी हवी’ म्हणून बोलावले जाते आणि दोघी नसाव्यात असे न बोलता ठरलेले असते. ही पद्धत काही आयोजकांनी जाणीवपूर्वक मोडली आहे, त्यांच्याकडे आधी जावे. रात्री परतण्याची सोय हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. लवकरचा स्पॉट मागून घ्यावा, तो मिळतो. दौऱ्यावर राहण्याची व्यवस्था लेखी घ्यावी आणि ती पाहिल्याशिवाय गाडीत बसू नये.

मालिकेच्या करारात स्टँडअपविषयी काय पाहावे?

तीन गोष्टी पाहाव्यात. चित्रीकरणाच्या काळात बाहेरचे जाहीर कार्यक्रम करण्यास निर्मात्याची किंवा वाहिनीची लेखी परवानगी लागते का, आणि लागत असेल तर ती किती दिवसांत मिळेल. मालिकेतल्या पात्राचे नाव किंवा लकब स्वतःच्या कार्यक्रमात वापरता येईल का; बहुधा येत नाही, आणि प्रेक्षक नेमकी तीच मागतात. तिसरी गोष्ट, आधीच तिकीटविक्री सुरू झालेल्या कार्यक्रमांच्या तारखा करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडून घ्याव्यात. तोंडी दिलेली ‘ते बघू आपण’ ही हमी चित्रीकरणाचे वेळापत्रक लावणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तारीख तरीही अडली तर प्रेक्षकांना लवकरात लवकर कळवून तिकिटाचे पैसे परत करावेत, आणि नवी तारीख पक्की झाल्याशिवाय ती जाहीर करू नये.